शिवणीच्या तीन ओळी

४ जून

पोरी,

डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आजी, ती तुमचा फोन घेत नाही, तर पत्र लिहा. मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकले, त्यातली दोन वर्षं धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी बसले. पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि माप लिहिते, त्यापुढे माझा हात गेलेला नाही. त्या म्हणाल्या, चालेल.

मग नियम सांगितले. वजनाचं लिहायचं नाही. दिसण्याचं लिहायचं नाही. जेवलीस का विचारायचं नाही. रागवायचं नाही, रडगाणं गायचं नाही. लाडाच्या नावाने हाक मारायची नाही, ते नाव तुला नको आहे म्हणे. एवढं सगळं वजा केल्यावर आजीने नातीला लिहायचं काय, हवा कशी आहे ते? हवा बरी आहे.

मशीनचा पट्टा तुटला होता, नवीन बसवला. तो अजून कुरकुरतो. बँकेतली बाई कोट शिवायला टाकून गेली आहे. नेहमीसारखंच म्हणाली, आजी, मागच्या वेळी कापड उरलं असेल ना? तिला वाटतं मी कापड चोरते. कापड कुठे जातं ते तिने वळून आरशात बघावं. हे लिहायला नको होतं. पण खोडत नाही, खोडलेलं पत्र घाण दिसतं.

तुझ्या खोलीला हात लावलेला नाही. तो निळा स्कर्ट कपाटात दिसत नाही. तू नेलास की त्या दिवशीच्या धावपळीत कोणी फेकला, मला ठाऊक नाही. विचारत नाही.

सोबत दोन पायजमे पाठवते. नरम सुती आहेत, शिवण टोचायची नाही. माप जुनंच धरलं. नाडी चांगली मजबूत घातली आहे, तुटायची नाही.

आजी


१९ जून

पोरी,

पुडकं परत आलं. वर चिठ्ठी चिकटवलेली, नाडीचे कपडे वॉर्डात चालत नाहीत.

आधी मी चिडले. मापात खोट काढली असती तर ऐकून घेतलं असतं. पण नाडी चालत नाही म्हणजे काय? मोठमोठ्या लोकांनी माझ्या नाड्या बांधल्या आहेत. म्हटलं, आता इस्पितळंसुद्धा फॅशन करायला लागली. तणतणत मशीनवर बसले आणि सेफ्टी पिन घेऊन नाडी ओढायला लागले. अर्धी बाहेर आली आणि मग मला कळलं ती का चालत नाही.

 बँकेतली बाई दारातून दोन हाका मारून निघून गेली. ‘तुटायची नाही’ असं मी तुला लिहिलं होतं. मेलं माझं डोकं.

आता इलास्टिक घातलं आहे. तुला ठाऊक आहे माझं इलास्टिकबद्दल काय मत आहे ते. इलास्टिक म्हणजे शिंप्याने हात टेकले. कोणालाही येतं आणि कोणाचंच नसतं. पण घातलं.

खालच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, “आजी, नात दिसली नाही बऱ्याच दिवसांत?”

म्हटलं, “नोकरी लागली. परगावी.”

“अरे वा! कसली नोकरी?”

“जिथे फार प्रश्न विचारलेले चालत नाहीत, तसली.”

 आता गल्लीभर झालं असेल की तू गुप्तहेर आहेस.

तुझी आई फोन करते. माझीच लेक, पण फोनवर ओळख लागत नाही. तू सहा वर्षांची असताना तुला माझ्याकडे ठेवून दुसरा संसार मांडला तिने, आणि आता मला विचारते, आई, तुझं लक्ष कुठे होतं? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. मी सांगितलं, मशीनचा आवाज चालू होता, काही ऐकू आलं नाही. सगळ्यांना तेच सांगितलं आहे. तेच खरं आहे.

पाय दुखतात. एवढंच.

आजी


७ जुलै

पोरी,

काल मी आले होते. तुला निरोप मिळालाच असेल. दोन बसा बदलून आले, आणि तू ‘नाही’ म्हणालीस. ठीक आहे. खुर्च्या बऱ्या होत्या, जमिनीला खिळवलेल्या. बहुतेक भेटायला आलेलेच उचलून फेकत असतील.

तीन तासांनी डॉक्टरीणबाईंनी आत घेतलं. वयाने लहानच आहेत. कोटाची एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब. मी बोलले नाही, पण बोलणं ऐकताना डोळा तिथेच जात होता.

म्हणाल्या, “आजी, तिला आरशात रोज वेगळी बाई दिसते. आपलं अंग केवढं आहे ते तिला आतून पक्कं ठरवता येत नाही. कोणी जवळ घेतलं, तर त्या दिवशी ती स्वतःला बरी दिसते. कोणी तोडून बोललं, की संध्याकाळपर्यंत तेच अंग तिला नकोसं होतं.”

मी म्हटलं, “मग चष्मा द्या.”

“डोळ्यांचं नाही हो ते.”

“कळलं मला. थट्टा केली.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. थट्टासुद्धा लिहून घेतात वाटतं. आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन. मी पावतीच्या मागे लिहून आणलं. असं असलं की समोरचा माणूस एका दिवसात देव होतो आणि त्याच दिवशी राक्षस, म्हणाल्या. मी म्हटलं, हे मला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. सकाळी ‘आजी, तुझ्याशिवाय मला कोणी नाही’, आणि मला भाजी आणायला पाव तास उशीर झाला की ‘तूही आईसारखीच जाणार, जा’. दोन्ही वेळा तू खरंच बोलायचीस, हेच तर दमवायचं.

मग तुझ्या नावाचं निघालं. त्या म्हणाल्या, “भोपळी म्हणू नका तिला.”

मी म्हटलं, “अहो, ती काय शिवी आहे? सहा महिन्यांची होती तेव्हा गाल असे होते की टोपी कपाळावरच अडायची. म्हणून भोपळी.”

“ती आता तेवीस वर्षांची आहे, आजी.”

मी पावती घडी करून पिशवीत ठेवली. 

शेवटी त्यांनी सांगितलं की ऑगस्ट संपताना तुला सोडणार. आणि तू म्हणतेस, घरी जाणार नाही. मुलींचं कसलंसं घर आहे, चार जणी राहतात, देखरेखीला एक बाई असते, तिथे जायचं. मी विचारलं, का? माझ्या घराला काय झालं?

“ती म्हणते, आजीला स्कर्टचं विचारा.”

“काय विचारायचं त्यात? मी शिवला.”

“किती वेळा?”

मी उठले. म्हटलं, माझी बस चुकेल. बसला दीड तास होता.

आजी


२२ जुलै

पोरी,

पंधरा दिवस कागद समोर आहे. बँकेतल्या बाईचा कोट झाला, तिच्या बहिणीचा झाला, तुझं पत्र होत नव्हतं.

किती वेळा, ते सांगते.

तू सतरा वर्षांची असताना तो स्कर्ट शिवला. जाड निळं सुती कापड होतं, तूच निवडलेलं. कंबर सव्वीस. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत दोन-दोन बोटं माया ठेवली होती, अंग भरलं की सोडायला. वाढत्या पोरीच्या कपड्यात ठेवावीच लागते. त्यात लपवाछपवी नव्हती.

पुढे तो स्कर्ट तुझा वजनाचा काटा झाला. सकाळी उठलीस की तोंड धुवायच्या आधी तो चढवायचा. हूक लागला तर दिवस उगवला. नाही लागला तर त्या दिवशी घरात बोलायची सोय नाही.

तुझ्या मैत्रिणीने बोलणं टाकलं, त्या महिन्यातली गोष्ट. तू वीसची होतीस. हूक लागला नाही. तू चार दिवस अन्नाला शिवली नाहीस, पाचव्या दिवशी जिन्यात पडलीस. दुपारी तू झोपलेली असताना मी स्कर्ट काढला, दोन्ही बाजू उसवल्या, बोटभर सोडल्या आणि पुन्हा शिवल्या. दोराही त्याच रिळातला वापरला, रंग जुळावा म्हणून. सकाळी तू धावत आलीस. “आजी, लागला गं हूक!” माझ्या गळ्यात पडलीस आणि दोन ताटं जेवलीस. मला वाटलं, जिंकले. डॉक्टरांना, तुझ्या आईला, कोणाला जमलं नाही ते मी बोटभर कापडात करून दाखवलं.

एकदा जमलं की हात थांबतो का? सहा महिन्यांनी तू वाळलीस. स्कर्ट सैल झाला की तुला चेव यायचा, आणखी उपाशी राहायचीस. म्हणून आत घेतला. पुन्हा भरलीस, पुन्हा सोडला. तीन वर्षं तो स्कर्ट तुझ्या अंगामागे पळत होता आणि तू समजत होतीस की अंग एकाच जागी उभं आहे.

आता जे लिहिते ते लिहायला पंधरा दिवस लागले. आरसा एक सांगायचा आणि स्कर्ट दुसरं. तू मला विचारायचीस, “आजी, खरं सांग, मी वाढलेय ना?” आणि वाढलेली असायचीस. थोडी, माणसं वाढतात तेवढीच. तुझे डोळे बरोबर होते. आणि मी म्हणायची, “हूक लागतो ना? मग डोळे तपासून घे.”

किती वेळा म्हटलं असेन. डॉक्टरीणबाईंना चष्म्याची थट्टा केली ती तिथूनच तोंडात बसलेली. ज्या पोरीला आधीच आपल्या डोळ्यांचा भरवसा नाही, तिचे डोळे खोटे पाडायचं काम मी तीन वर्षं फुकट केलं.

आणि गाढवपणा बघ. कापड जाड असलं की जुन्या टाक्यांची भोकं बुजत नाहीत, हे मी शिकाऊ पोरींना पहिल्या आठवड्यात सांगते. मशीनखाली बसून चिंध्यांशी खेळत वाढलेल्या तुला ती भोकं दिसणार नाहीत असं मला कसं वाटलं? त्या दिवशी तू स्कर्ट उलटा करून मशीनवर ठेवलास. “आजी, ह्या तीन ओळी कसल्या?” मी वरही बघितलं नाही. “जुनं कापड आहे, विरलंय.” पकडले गेले तरी खोटंच बोलले.

बाकीचं आज नाही. हात आखडलाय.

आजी


३ ऑगस्ट

पोरी,

बाकीचं.

मशीनचा आवाज चालू होता हे खरं. ऐकू आलं नाही हे खोटं.

तू स्कर्ट उचललास. मशीनवरची कात्री उचललीस. मोठी, माझी, जिला मी कोणाला हात लावू देत नाही ती. मी बघितलं. आतल्या खोलीचं दार लागलं, मग कडी लागली. तीही ऐकली. मी मनात म्हटलं, रुसू दे, स्कर्ट फाडेल आणि गप्प बसेल. कोटाची बाही हातात होती, अर्धी बसवलेली. ती पुरी केली. बाही बसवायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे. मग उठले.

एवढंच आहे. मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता डॉक्टरीणबाई वाचतील तर वाचू देत.

माफी मागायची तर कशी लिहितात मला येत नाही. कोणापुढे वाकले ती लग्नात नवऱ्याच्या पाया पडले तेवढीच. तू माफ कर असंही म्हणत नाही. घरी ये असंही म्हणत नाही. त्या चौघींच्या घरात सुखाने राहणार असशील तर राहा. तिथे कोणी शिवणारी नसली म्हणजे बरं.

एक सांगायचं राहिलं. ती बाही ज्या कोटाची, तो न्यायला त्याच आठवड्यात दुसरी एक गिऱ्हाईक बाई आली होती. म्हणाली, “आजी, डावी बाही काय सुरेख बसलीय!” मी तो कोट तिच्या अंगावरून काढून घेतला आणि तिच्या देखत उसवला. तिला वाटलं म्हातारीला भ्रम झाला. होऊ दे.

आणि काल एक उद्योग केला. उगाच टेप घेऊन आरशासमोर उभी राहिले. पन्नास वर्षं जगाची मापं घेतली, माझं माप कोणी घेतलेलं नाही. मीही नाही. माझे कपडे मी अंदाजाने कापते. छाती-कंबर कशीबशी झाली. कंबर म्हणजे आता नुसतं म्हणायचं, ती कुठून कुठपर्यंत आहे हा वादाचा मुद्दा आहे. पण पाठ घेता येईना. खांद्यावरून टेप सोडली की घसरते, हात मागे जात नाही. कुबड आलंय हे मला दुकानाच्या काचेत दिसलं होतं, मी म्हटलं, काच वाकडी आहे.

खोटं बोलायला घरात दुसरं कोणी लागतंच असं नाही, हे तेव्हा कळलं.

आजी


१८ ऑगस्ट

तुला,

काय हाक मारायची ते तूच सांग. तोवर हीच.

आज पुडकं आलं. मला वाटलं इलास्टिकवालेही परत पाठवले. कात्री घेतली, मग ठेवली, हातानेच सोडलं. आत निळा स्कर्ट. चार तुकडे, कंबरपट्टी आणि हूक कागदात वेगळा बांधलेला.

 खिडकीशी नेऊन बघितला. म्हणजे त्या दिवशी कात्रीने तू तो कापलाच नव्हतास. कापड शाबूत आहे. शिवण एकेक टाका ओढून उसवलेली आहे, दोऱ्याचे तुकडे अजून अडकलेत. तिथे कात्री देत नाहीत म्हणजे नखांनीच केलंस. किती दिवस लागले असतील? काम स्वच्छ आहे. कुठे ओरखडा नाही. माझ्या शिकाऊ पोरींना जमणार नाही.

आणि चिठ्ठी. तीन ओळींची. इस्त्रीवाल्याकडून वाचून घ्यावीशी वाटली, अक्षरं हलत होती. नाही घेतली. गुप्तहेराची चिठ्ठी परक्याला कशाला दाखवा. स्वतःच वाचली.

‘आजी, जोडायचा असेल तर इथे येऊन जोड. माझ्यासमोर. आणि आकडा मोठ्याने बोल.’

घरी येणार की त्या चौघींकडे जाणार, ते त्यात नाही. मी मागेपुढे फिरवून बघितली. नाही म्हणजे नाही. बरं.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, या, मी बसेन सोबत. सुया दारात मोजून घेणार आणि जाताना मोजून परत देणार. मी म्हटलं, बाई, माझ्या सुया मीच रोज मोजते, तुम्ही काय मोजणार. कात्री नाही. दोरा दातांनी तोडेन, वरचे दोन आहेत अजून. मशीनही नाही, म्हणजे हातशिलाई. वेळ लागेल. एका दिवसात होणार नाही. तू मध्येच उठून गेलीस तर मी हातातलं तसंच टाकून मागे येईन, एवढं लिहून ठेवते.

जुन्या ओळींची भोकं राहणार. ती जात नाहीत, मी सांगून ठेवते. आता चौथी ओळ कुठे घालायची ते तुझं अंग बघून, तुझ्या देखत ठरेल. नको असेल तर घालायची नाही, तुकडे घेऊन परत येईन.

गुरुवारी सकाळच्या बसने निघते. चष्मा, दोन सुया, निळा दोरा. टेप आणते, पण धरायची तू. आधी माझी पाठ घे. मग माझीच कंबर घे, आणि जो येईल तो आकडा मोठ्याने वाच, बाहेर खुर्च्यांपर्यंत ऐकू जाऊ दे. हसू आलं तर हस. मग टेप माझ्याकडे दे. तुझा मी वाचेन. असेल तो.

आजी